बॉयलर इन्स्पेक्टर आणि शेपू

आमचे घरमालक कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. पंख्याचा हूक, छताची ओल, लोंबणारी वायर हे सगळं नजरेखालून गेलं की मग खाली बघायचे, आणि अगदी शेवटी, जमलंच तर, माणसाकडे. सरकारी नोकरीत त्यांनी आयुष्यभर बॉयलर तपासले होते. साखर कारखाने, कापडाच्या गिरण्या, इस्पितळांची धुलाईघरं अशा ठिकाणी जायचं आणि तिथे कोंडलेली वाफ कुणाचा जीव घेणार नाही ना, एवढं बघून यायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना अजून 'इन्स्पेक्टर'च म्हणायचे. मी काका म्हणायचे. ते मला 'अहो मॅडम' म्हणायचे. मी त्यांच्याहून निम्म्या वयाची होते, पण त्यांनी मला कधी अगं-तुगं केलं नाही.

कसबा पेठेत त्यांची तीन मजली इमारत होती. सगळ्यात वर ते एकटे, मधे आम्ही, तळाला लग्नपत्रिका छापणारं एक दुकान. ते घर मिळण्याआधी मी आणि माझा नवरा घर शोधून शोधून थकलो होतो. आम्ही नागपूरचे. आडनाव सांगितलं की समोरचा माणूस किंचित थांबायचा, मग विचारायचा, "नॉनव्हेज वगैरे करता का?" आम्ही हो म्हटलं की घर कालच कुणाला तरी देऊन झालेलं असायचं. काकांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "समजा, जिना पेटला. कुठून बाहेर पडाल?"

"खिडकीतून," नवरा म्हणाला.

"खिडकीला गज आहेत."

"मग गच्चीवरून?"

"गच्चीची किल्ली कुठे असते?"

"माहीत नाही."

"माझ्या दाराबाहेर, खिळ्याला. आता माहीत झालं. या राहायला."

आडनाव त्यांनी विचारलं ते थेट कराराच्या दिवशी, तेही स्पेलिंग चुकू नये म्हणून.

'काही होणार नाही' हे वाक्य त्यांना अजिबात खपायचं नाही. एकदा आमच्या बाथरूमच्या भिंतीला चीर गेली तेव्हा नवरा सहज म्हणाला, "काही होणार नाही ना काका?" काकांनी चष्मा काढून पुसला. "हे वाक्य मी ज्या ज्या कारखान्यात ऐकलं, तिथे पुढे मला पंचनाम्याला जावं लागलं," असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी गवंडी घेऊन आले.

अशा माणसाच्या घरात आम्ही मांजर आणलं.

ती आम्हाला स्वारगेटला भेटली होती. एका वडापावच्या गाडीखाली भिजून बसली होती, मुठीएवढी. डोळे हिरवे म्हणून नवऱ्यानं तिचं नाव शेपू ठेवलं. काकांनी तिला जिन्यात पाहिलं आणि लागोपाठ शिंकले. केसाळ जनावर जवळ आलं की त्यांचे डोळे लाल व्हायचे, नाक गळायचं. "करारात जनावर नव्हतं," ते म्हणाले.

"काढू का तिला?" मी घाबरून विचारलं.

"मी एवढंच म्हणालो की करारात नव्हतं," असं म्हणून ते शिंकत वर निघून गेले. त्यानंतर वर्षभर त्यांनी तिचा उल्लेख 'ते जनावर' असाच केला आणि ती जिन्यात दिसली की भिंतीला पाठ लावून तिला वाट दिली.

मग मला दिवस गेले. दुसऱ्यांदा.

पहिल्या खेपेला तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलं होतं. कारण कळलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की बरेचदा कारण नसतंच, तुमचं काही चुकलेलं नाही. पण कारण नसलं की माणूस सगळ्यालाच कारण समजायला लागतो. मी बसमध्ये उभी राहिले होते, पपई खाल्ली होती, रडले होते, हसले होते. म्हणून या खेपेला मी हसणंसुद्धा जपून करत होते. त्यातच कंपनीनं नवऱ्याला चेन्नईच्या प्रोजेक्टवर पाठवलं. तो महिन्यातून एकदा यायचा आणि रोज व्हिडिओ कॉल करून माझा चेहरा बघायचा. मी चेहरा नीट ठेवायचे.

घरी मांजर आहे म्हटल्यावर डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "घाबरू नका, तिला घालवायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी असतो. तो मांजराच्या शीतून बाहेर पडतो. हात फिरवल्यानं, जवळ घेतल्यानं सहसा काही होत नाही. शी पडून राहिली, की एक-दोन दिवसांनी त्यातून लागण होऊ शकते. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ झाला पाहिजे, आणि तो तुम्ही नाही, दुसऱ्या कुणीतरी करायचा. तिला बाहेर सोडू नका, कच्चं मांस घालू नका. आणि ऐका, ही लागण मांजरापेक्षा अर्धवट शिजलेल्या मटणातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीतूनही होते. सगळं खापर त्या मांजरावर फोडू नका."

इतकं सरळ सांगितलं त्यांनी. पण घरी येईपर्यंत मी रिक्षात बसून फोनवर नको ते सगळं वाचलं होतं. ही लागण गरोदरपणात पहिल्यांदाच झाली तर बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला धोका. ते शब्द वाचल्यावर 'सहसा काही होत नाही' यातला 'सहसा' तेवढा माझ्या लक्षात राहिला.

शिवाय दुसरं कुणीतरी होतंच कोण? धुण्याभांड्याच्या मावशींनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. मग मीच हातमोजे घालून, दोन मास्क लावून, श्वास रोखून ट्रे साफ करायला लागले. नंतर हात इतके धुवायचे की बोटांची कातडी निघायला लागली. अशीच एका सकाळी पिशवी लांब धरून मी जिना उतरत होते आणि काका दूध घेऊन वर येत होते.

"काय, गॅसगळती?" त्यांनी विचारलं.

मला रडूच फुटलं. जिन्यात उभ्या उभ्या मी सगळं सांगितलं. पहिलं बाळ, हे बाळ, डॉक्टर, ट्रे. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"हे काम कुणी करायचं नाही?"

"मी."

"आणि करतंय कोण?"

"मीच."

"म्हणजे ज्यानं वाफेजवळ जायचं नाही, तोच व्हॉल्व्ह फिरवतोय. उत्तम." त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि ती दुसरी पिशवी माझ्याकडून काढून घेतली.

त्या संध्याकाळी त्यांनी शेपूला बघणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. वरून त्यांचा आवाज सगळ्या इमारतीत ऐकू येत होता. "हो हो, शीच म्हणतोय मी. बाहेर पडल्यापासून धोका किती वेळानं सुरू होतो? कमीत कमी सांगा. सरासरी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात काका उभे होते. अंगात टाचेपर्यंतचा पिवळा रेनकोट, हातात कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे, तोंडाला मास्क, डोळ्यांना पोहण्याचा चष्मा आणि हातात गवंड्याची थापी. बाहेर लख्ख ऊन होतं.

"आपण आतल्या खोलीत जा. दार लावून घ्या," ते म्हणाले.

"काका, अहो, तुम्हाला तर तिच्या केसांनी—"

"म्हणूनच चष्मा आहे."

आतून मला थापीचा आवाज आणि शिंका ऐकू येत होत्या. काम झाल्यावर दाराबाहेरून ते म्हणाले, "पडल्यापासून निदान एक दिवस काही होत नाही म्हणाला तो डॉक्टर. म्हणजे रोज उचललं की धोका तयार होण्याआधीच निघून जातो. हे फार सभ्य प्रकरण आहे. बॉयलर इतका वेळ देत नाही." मग ट्रेवर उकळतं पाणी ओतल्याचा आवाज आला.

त्या दिवसापासून ते रोज येत राहिले. एकही दिवस चुकला नाही. ताप होता तेव्हाही आले, भाऊबीजेला बहीण वर जेवायला थांबलेली असताना आले. तळमजल्यावरचे छपाईवाले हसायचे. "इन्स्पेक्टर, मांजराला सर्टिफिकेट दिलं का?" म्हणून विचारायचे. काका उत्तर द्यायचे, "तुमच्या मशीनपेक्षा ते जनावर नियमित आहे."

पण एकदा धोका कळल्यावर ट्रेपाशी थांबणारे ते नव्हते. माझ्या खिडकीतल्या तुळशीची आणि मिरचीची कुंडी एक दिवस नाहीशी झाली. ती वर त्यांच्या गॅलरीत निघाली. "माती," एवढंच म्हणाले. मी मंडईतून आणलेली कोथिंबीर ते एकेक काडी उजेडात धरून बघायचे. मी दोनदा धुतलेली भाजी ते तिसऱ्यांदा धुवायला लावायचे. खरं सांगायचं तर त्यांच्या या तपासण्यांनी मी आणखीच घाबरायला लागले. एकदा कंटाळून मी म्हणाले, "काका, एकदा तरी म्हणा ना, काळजी करू नकोस."

"का म्हणू? काळजी करा," ते म्हणाले. "पण नेमकी करा. तुम्ही सगळ्याचीच करताय. एवढ्या सगळ्याची काळजी करायला माणूस पुरत नाही."

मग रक्ताचा रिपोर्ट आला.

डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं. रक्तात दोन गोष्टी बघतात. एक, लागण कधीतरी होऊन गेल्याची खूण. दुसरी, ती नवी असल्याची खूण. माझ्या रक्तात पहिली होती, आणि दुसरीही थोडी होती. "ही दुसरी खूण कधी कधी कितीतरी महिने रेंगाळते, कधी चुकीचीही येते," त्या म्हणाल्या. "म्हणून लगेच काही ठरवायचं नाही. आपण मोठ्या लॅबकडे पाठवू. लागण किती जुनी आहे ते सांगणारी एक वेगळी तपासणी असते, ती करू, आणि काही दिवसांनी हेही पुन्हा बघू. तोवर खबरदारी म्हणून या गोळ्या."

घरी आले तर शेपू सोफ्यावर पाय वर करून झोपली होती. मी तिच्याकडे बघत दारातच उभी राहिले. पहिल्यांदाच मला तिची भीती वाटली, आणि भीती वाटल्याचं फार वाईट वाटलं.

काकांना रिपोर्ट सांगितला तेव्हा ते जिन्याच्या पायरीवर बसले. ते असे कुठे बसत नसत. "नवी की जुनी हे कळेपर्यंत नवीच धरून वागायचं," ते म्हणाले. "आणि जुनी धरून जेवायचं. जेवलात का?"

नव्हते जेवले.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून आई आली. नवऱ्यानंच तिला फोन केला होता. आई शाळेत मुख्याध्यापिका होती, आयुष्यभर शंभर पोरांना एका आवाजात गप्प करणारी. तिनं बॅग ठेवली, मला जवळ घेतलं, आणि माझ्या खांद्यावरून शेपूकडे बघितलं. "हे अजून इथंच हाय काहून?" तिनं विचारलं.

मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "डॉक्टर तिच्या जागी बरोबर हाय," ती म्हणाली. "पण मागच्या टायमाले मी तुले पायलं हाय. दवाखान्यातून आणलं तवा तू भिंतीकडं तोंड करून झोपली होती. मले ते पुन्हा पाहाचं नाई."

मी तिची बॅग उचलून आत नेली.

आईचं आणि काकांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. तिनं मला ताकद यावी म्हणून मटण केलं. आमच्याकडचं, झणझणीत, काळ्या रश्श्याचं. वास वरपर्यंत गेला असणार. थोड्या वेळानं काका आले, हातात एक लांब दांड्याचा थर्मामीटर घेऊन. सात पिढ्यांत ज्यांच्या घरी अंडं आलं नसेल असा माणूस आमच्या ओट्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, यातला सगळ्यात जाड तुकडा कोणता?"

"काहून जी?"

"आतपर्यंत शिजलंय की नाही बघायचंय."

"तीस वर्षं झाली मले मटण रांधता!" आईनं पळी वर धरली. "माया मटणाले मीटर लावता तुमी?"

"मी चाळीस वर्षं अनुभवी लोकांनाच मीटर लावलेत," काका म्हणाले, आणि श्वास रोखून त्यांनी एका तुकड्यात थर्मामीटर खुपसला. वासानं त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आकडा वाचून त्यांनी मान हलवली. "वाढा," म्हणाले आणि भराभर जिना चढून गेले. वर बराच वेळ नळ वाहत होता.

आई बघत राहिली. "येडा हाय का हा माणूस?" तिनं मला विचारलं. पण आवाज आधीएवढा चढा नव्हता.

असं वाटलं होतं की आता त्यांचं जमेल. पण मोठ्या लॅबचा रिपोर्ट येईना, आणि आईची झोप उडाली. ती पहाटे उठून बुद्धवंदना म्हणायची, आणि मधेच थांबून शेपूकडे बघायची. एका दुपारी मी ऑफिसमधून आले तर शेपू दारात आली नाही. पलंगाखाली नव्हती, कपाटावर नव्हती. आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"आई, शेपू?"

"सोडून आले."

"कुठे?"

"मंडईपाशी. तिथं खायले भेटते. उपाशी नाई मरनार." मग ती वळली. तिचे डोळे सुजले होते. "लई ओरडली ते पिशवीत भरतानी. पण मांजर पायजे का लेकरू पायजे? मी काय करू, सांग."

मी आईवर ओरडू शकले नाही आणि तिला जवळही घेऊ शकले नाही. मी वर गेले. काकांना सांगितलं. त्यांना आनंद व्हायला हवा होता. रोजच्या शिंका सुटल्या असत्या. पण ते चप्पल घालायला लागले.

"कुठे निघालात?"

"आपल्या आई म्हणतात त्यात चूक एवढीच आहे, की धोका हाकलला म्हणजे गेला असं त्यांना वाटतंय. आता तो कुठे आहे हेसुद्धा आपल्याला माहीत नाही. आणि ते जनावर घरातलं आहे. त्याला रस्ता ओलांडता येतो का?"

"नाही."

"मग चला. मला सगळी मांजरं सारखीच दिसतात."

मंडईत त्यांनी मला एका ओळखीच्या दुकानात खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भाजीच्या ओट्यांमधून हाका मारत फिरायला लागले. वर्षभरात त्यांनी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. ते मधोमध उभे राहून खणखणीत आवाजात ओरडले, "शेपू! शेपू!"

चारी बाजूंनी भाजीवाल्या उठल्या. "या काका, ताजी हाय! दोन जुड्या घ्या!"

"भाजी नको. शेपू हवी."

"मग हे काय हाय?"

"ही नव्हे. हिरव्या डोळ्यांची."

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. हसता हसता रडायला लागले, आणि दुकानदारानं घाबरून मला पाणी दिलं. शेपू त्या दिवशी मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी काका एकटेच गेले, तिसऱ्या दिवशीही. रोज आमच्या दाराच्या कडीला शेपूच्या भाजीची जुडी लटकलेली दिसायची. नाही म्हणणं त्यांना जमत नसावं. आई ती भाजी निवडायची, धुवायची, पुन्हा धुवायची.

मग एका सकाळी ते आले. रेनकोट फाटला होता, गालावर ओरखडे होते आणि हातातल्या झाकणाच्या टोपलीतून शेपूचं ओरडणं ऐकू येत होतं. मी धावले, तर त्यांनी हात आडवा केला.

"थांबा. लांबूनच बघा. ही आता तुमची मांजर नाही. ही इतके दिवस बाहेर राहिली आहे, उंदीर खाल्ला असेल, काय काय खाल्लं असेल. मी डॉक्टरला विचारलं. आतापर्यंत कदाचित ती साफ होती, आता सांगता येत नाही. लागलीच असेल तर काही आठवडे तिच्यातून ते बाहेर पडत राहील. तोवर ही आपल्या घरात येणार नाही."

"मग कुठे ठेवायची?"

"वर," ते म्हणाले. "माझ्याकडे. मी गरोदर नाही."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला सलग आठवत नाही. रिपोर्ट उद्या येईल, परवा येईल असं चाललं होतं. पोटात जरा दुखलं की मी बाथरूमला धावायचे आणि डोळे मिटून उभी राहायचे, खाली बघायची हिंमत होईपर्यंत. वरून काकांच्या शिंका ऐकू यायच्या, अखंड. त्यांचे डोळे सुजून बारीक झाले होते. एकदा जिन्यात गाठ पडली तेव्हा मी विचारलं, "काका, तुमच्या घरी कधी कुठलं जनावर होतं का?"

"बायको होती," ते म्हणाले. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन गडबडले. "म्हणजे, तिला आवडायची मांजरं. तिला सगळंच आवडायचं. गच्चीच्या कठड्यावर बसून पेरू खायची. मी खाली उभा राहून ओरडायचो."

"मुलं?"

"झाली नाहीत." त्यांनी जिन्याच्या कठड्याचा एक सैल गज हलवून बघितला. "दोनदा आशा होती. तेव्हा मी दौऱ्यावर असायचो. मला तार यायची." दुसऱ्या दिवशी त्यांनी तो गज पक्का करून घेतला.

रिपोर्टचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. डॉक्टरबाई स्वतः बोलल्या. लागण जुनी होती. या गरोदरपणाच्या बरीच आधीची. बाळाला तिच्यापासून धोका असण्याचं कारण नाही. "पण मग आली कुठून?" आईनं माझ्या हातातून फोन घेऊन विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, ते कुणीच सांगू शकणार नाही. लहानपणी मातीत खेळताना झाली असेल, कधी कच्चं राहिलेलं मटण पोटात गेलं असेल, मांजरही असू शकेल. खूप लोकांना होऊन जाते, कळतही नाही.

आईनं फोन ठेवला. नागपूरच्या आमच्या अंगणात मी माती खायचे, ती मला धपाटे घालायची. तिला तेच आठवत असावं. तिनं माझ्या पोटावर हात ठेवला.

मी वर गेले. काकांचं दार बंद होतं. "कोण?" आतून आवाज आला.

"मी."

"आधी सांगा. मग उघडतो."

"जुनी आहे काका. बाळाला काही नाही."

आतून काहीच आवाज आला नाही. शिंकसुद्धा नाही. मी वाट बघितली. दार उघडलं तेव्हा ते भिंतीकडे वळून उभे होते आणि रुमालानं डोळे पुसत होते. "मांजराचे केस," ते म्हणाले. शेपू गॅलरीच्या बंद दारापलीकडे होती.

त्या दुपारी आईनं वडा-भात केला. तळलेले वडे भातावर कुस्करून, वर फोडणीचं तेल घालून, आमच्याकडे पाहुण्याला करतात तसा. ताट झाकून ती स्वतः वर गेली. मी दोन पायऱ्या खाली थांबले.

"यात काई मटणबिटण नाई," ती दारात उभी राहून म्हणाली. "तुमच्या मांजरीले माई भीती वाटली, का मले तिची वाटली, मले नाई समजत. पण मी तिले असं सोडाले नव्हतं पायजे."

"ते जनावर आपलं आहे, माझं नाही," काका म्हणाले. मग ताट हातात घेऊन त्यांनी वाकून नमस्कार केला. "आणि आपण भ्यालात ते बरोबरच होतं, ताई. भिणाऱ्या माणसांमुळेच अपघात टळलेले मी आजवर पाहिलेत. भीतीचा पत्ता तेवढा चुकला."

डॉक्टरनं सांगितलेले आठवडे पूर्ण झाल्यावर, पुन्हा तपासून, शेपू खाली आली. ट्रेसाठी काका येतच राहिले. लागण जुनी आहे म्हटल्यावर आता तेवढी गरज नाही, असं मी सांगून बघितलं. "मला सवय झाली," ते म्हणाले. नवरा पावसाळ्यात कायमचा परत आला, त्यालाही त्यांनी थापी दिली नाही.

मुलगी झाली. नीट, वेळेवर, भरपूर रडणारी. काका इस्पितळात आले, पण खोलीत आले नाहीत. बाहेर कॉरिडॉरमध्ये उभं राहून त्यांनी नर्सला विचारलं की रात्री लिफ्ट बंद पडली तर बाळाला कुठून खाली नेतात. घरी आल्यावरही ते कितीतरी दिवस फक्त दारातून विचारपूस करून जायचे. शेवटी मीच एका सकाळी मुलीला घेऊन वर गेले.

"नको, नको," ते मागे सरकले. "मला धरता येत नाही. माझ्या हातून पडेल."

"खाली बसा मग."

त्यांनी विचार केला. मग चटई अंथरली, भिंतीला टेकून बसले, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, समोर घडी केलेली चादर टाकली. सगळीकडे एकदा हात फिरवून बघितला आणि मग ओंजळ पुढे केली. "द्या आता."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं आणि जांभई दिली. ते हलले नाहीत. तिनं त्यांचं बोट धरलं. त्यांच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती, ती हळूहळू सैल झाली. खालच्या गल्लीतून तांबटांच्या हातोड्यांचे आवाज येत होते.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास यायला लागला. त्यांनी दूध तापत ठेवलं होतं, ते उतू जात होतं.

"काका, दूध," मी म्हणाले.

"हं," ते म्हणाले. ते तिच्या नखांकडे बघत होते.

मीच उठून गॅस बंद केला. ओट्यावरून दूध खाली ओघळत होतं, फरशीवर पसरत होतं. मी फडकं शोधून पुसलं, पातेलं धुवायला टाकलं, आणि परत आले. ते तसेच बसले होते.